कॉइलिंग झाल्यावर बीपी मुद्दाम वाढवताहेत, बरोबर आहे का?

चोपडेकर
मंडळी, कोणाला माहिती असेल तर लगेच सांगा. शेतातून आल्यावर आईचं डोकं अचानक असं दुखलं की दोन्ही हातांनी गच्च धरून बसली, उलट्या सुरू, जळगावला सीटी केला तर मेंदूभोवती रक्त, नस फुगून फुटली म्हणे, मग नाशिकला आणून कॉइलिंग केलं, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी घालून फुगा आतून बंद केला. चार-पाच दिवस छान बोलत होती, केळीला पाणी दिलं का विचारत होती. काल सकाळपासून तिला शब्दच सापडेना, उजवा हात उचलेना. परत सीटी काढला, नवीन रक्तस्राव नाही. डॉक्टर म्हणतात नसा आकसल्यात आणि बीपी वाढवायचं औषध लावलंय, मॉनिटरवर वरचा आकडा १८०! ज्या प्रेशरने नस फुटली तेच वाढवायचं?

सिस्टर_धुळे
दादा, घाबरणं साहजिक आहे पण उपचार बरोबर चाललाय. फुटलेला फुगा कॉइलने आतून बंद झालाय म्हणून बीपी वाढवता येतं, त्याआधी वाढवलं असतं तर घात झाला असता. सांडलेलं रक्त नसांना चिडवतं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या आवळतात आणि साधारण दोन आठवडे धोका राहतो. ड्रिपच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचवायला मोटारीचं प्रेशर लागतं ना, तसंच. निमोडिपिन, म्हणजे नसा आवळल्याने होणारं नुकसान कमी करणारी गोळी, चालू आहे ना? ६० मिलिग्रॅम दर ४ तासांनी, २१ दिवस, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा. १९८९च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये मेंदूचा भाग मरायचं प्रमाण त्याने १०० पैकी ३३ वरून २२ वर आलं होतं. त्याने बीपी पडलं तर डॉक्टर ३० चा डोस दर २ तासांनी करतात, पण गोळी चुकवू देऊ नका.

पारोळ्याचा_भाचा
आमच्या मामांना बीपी वाढवूनही फरक पडेना तेव्हा कॅथलॅबमध्ये नेलं, जांघेतून बारीक नळी घालून थेट मेंदूच्या नसेत औषध सोडलं, एक नस बलूनने रुंद केली. हात लवकर आला, बोलणं यायला खूप महिने गेले, पण आलं. भाऊ, ही सोय तिथे आहे का ते आत्ताच विचारा, उद्यावर टाकू नका, मेंदू उपाशी राहिला की तेवढा भाग परत येत नाही. आणि सोडियम रोज तपासताहेत का तेही बघा, ह्या आजारात ते फार पडतं.

चोपडेकर
विचारलं. कॅथलॅब आहे, दुपारपर्यंत सुधारणा नसेल तर नेणार, सही करून दिली. सिस्टर, आम्हा भावंडांना पण तपासावं लागेल का?

सिस्टर_धुळे
सख्ख्या नात्यात दोघांना झालं असेल तर एमआर अँजिओ, म्हणजे मेंदूच्या नसांचा एमआरआय, करतात. एकट्या आईलाच असेल तर बीपी तपासा, आणि कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर आजच बंद करायला लावा. कॅथलॅबचं काय झालं ते कळवा.