दीड मीटरच्या डेकवर दोघांना झोपण्यापुरतं हलकं काय बसवावं?

वीरगळवाटा (खारघर)

नमस्कार मंडळी,

आमची डबल कॅब पिकअप आहे, पांढरी पाटी, खासगी नोंदणी. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कोणती गाडी चांगली यावरच धागा संपतो. डेक, म्हणजे मागचा सामान ठेवायचा उघडा हौदा, आतून जेमतेम दीड मीटर लांब आणि जवळपास तेवढाच रुंद. पण चाकांच्या कमानींच्या मधली जागा १.१ मीटरच आहे.

मी आणि नवरा वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळांची, नोंद करत फिरतो. जुन्नर, अकोले, पारनेर, संगमनेर हा आमचा पट्टा. झिजलेला वीरगळ वाचायचा तर ऊन तिरपं लागतं. सकाळी पहिल्या तासाभरात ढाली, घोडे, वरच्या पट्टीतलं शिवलिंग सगळं उठून दिसतं, दहा वाजले की तोच दगड सपाट. त्यामुळे रात्री गावातच मुक्काम हवा. तालुक्याच्या लॉजवरून निघून ती वेळ गाठता येत नाही. देवळाच्या ओसरीवर पुष्कळदा झोपलो आहोत, गावकरी प्रेमाने जागा देतात. पण पावसाळ्यानंतरचे डास आणि थंडीतलं दव यांत कागद आणि कॅमेरा सांभाळणं कठीण जातं.

आम्हाला पाठ टेकायला कोरडी जागा, जाळी, वारा आणि सामानाला कुलूप एवढंच हवंय. बेसिन, शॉवर, फ्रिज काही नको.

समोर तीन पर्याय आहेत. एक, टपावरचा घडीचा तंबू. दोन, डेकवर फायबरची कॅनॉपी, म्हणजे टोपीसारखं बंद छत, आणि आत गादी. तीन, तळोज्याच्या एका कारखान्याने सुचवलेली केबिन: लोखंडी सांगाडा, आतून प्लाय, उभं राहता येईल एवढी उंची, वजन ३०० किलोच्या आसपास. मी वजनाबद्दल विचारलं तर म्हणाले, "पिकअप आहे ताई, आरामात उचलेल." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे नीट सांगताही येईना. आरसीवर अनलॅडन वजन (रिकाम्या गाडीचं) आणि ग्रॉस वजन (भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा) यांत ४२० किलोंचा फरक दिसतो. आणि हो, सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या तोंडाशी २.१ मीटरची आडवी पट्टी आहे.

अनुभव असलेल्यांनी सांगावं.

पत्रा_आणि_सेक्शन (वागळे इस्टेट, ठाणे)

ताई, तुम्ही आरसी उघडून बघितलीत, म्हणजे निम्मं काम झालं. आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी मोबाईलवर फोटो घेऊन येतात आणि "असं करून द्या" म्हणतात. मी आधी आरसी मागतो.

तुमचा ४२० चा हिशेब मांडू. अनलॅडन वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो, म्हणजे तुम्ही दोघंही या ४२० मधूनच वजा. दोघांचे १३० धरा, राहिले २९०. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, राहिले २५०. कपडे, कॅमेरे, ट्रायपॉड, स्टोव्ह, शिधा, हत्यारं, दोरखंड मिळून ५० तरी होतात. उरले २००. आता हे २०० काठोकाठ भरायचे नाहीत. अकोल्याच्या आतले रस्ते, माळशेजची वळणं, वर ओला झालेला कॅनव्हास, कोणी गावकऱ्याने दिलेलं तांदळाचं पोतं, यासाठी ६० मोकळे ठेवा. म्हणजे डेकवर जे काही बसवाल, आतल्या खाटेसकट, बॅटरीसकट, त्याला १४० किलोंची मर्यादा. ३०० किलोंची केबिन नुसती चढवली, एक बाटली पाणी घेतलं नाही, तरी तुम्ही दोघं बसल्यावर गाडी मर्यादेच्या बाहेर जाते. तुम्हाला पटत नव्हतं ते याच कारणाने, आणि ते बरोबर होतं.

"पिकअप आहे, उचलेल" हे वाक्य बोलेरो कॅम्परसारख्या गाड्या बघून तयार झालंय. ती माल वाहण्यासाठीच बांधलेली, १ टन भारक्षमतेची गाडी आहे. तुमच्या प्रकारच्या गाडीत वजनाचा मोठा वाटा केबिन, सीटा आणि आरामदायी सस्पेन्शननेच खाल्लेला असतो. पाटे तुटत नाहीत म्हणून लोक निश्चिंत राहतात, पण घाट उतरताना ब्रेकवर काय येतं ते पाट्याला दिसत नाही. उंच केबिनचं वजन वर असतं, त्यामुळे वळणावर गाडी झुकते ती वेगळीच. शिवाय डेक आखूड असल्याने जड वस्तू मागच्या फाळक्याकडे गेली की भार मागच्या आसाच्या पलीकडे पडतो आणि पुढची चाकं हलकी होतात. पाणी आणि बॅटरी कायम केबिनच्या पाठीला चिकटून, खाली.

अमेरिकेतले व्हिडिओ बघितले असतील तर एक लक्षात घ्या. तिकडच्या मोठ्या पिकअपचा डेक साडेसहा, आठ फुटांचाही असतो. तरीसुद्धा तिकडे हलक्याकडेच ओढा आहे. मोंटानातली गो फास्ट कॅम्पर्स नावाची कंपनी छत पाचरीसारखं वर उघडणारी कॅनॉपी बनवते, तंबू धरून सव्वाशे किलोंच्या आसपास. आत जवळजवळ काहीच नसतं, ज्याला जे हवं ते तो नंतर ठेवतो. मला तो विचार आवडतो.

तुमच्यासाठी मी असं करीन. कॅबच्या टपाच्या पातळीतच संपणारी कॅनॉपी, म्हणजे २.१ मीटरच्या पट्टीचा प्रश्न मिटला. सांगाडा ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा, म्हणजे पोकळ चौकोनी नळीचा, २५ बाय २५ मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटर. मीटरला ४०० ग्रॅमच्या आतच बसतो. तेच लोखंडात १.१ किलो. तीसेक मीटर सेक्शन लागेल, तर फरक तुम्हीच काढा. वर ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियम कंपोझिट शीट, आठ बाय चारची शीट दहा-अकरा किलोंची. १८ गेजचा लोखंडी पत्रा तेवढ्याच मापात २८ किलो, १२ मिलिमीटर प्लाय २२ ते २५. शीट घेताना आग-प्रतिबंधक ग्रेडचीच घ्या, साध्या शीटच्या पोटात पॉलिथिलीन असतं आणि ते पेटतं. झडपा, गॅस शॉकर, कुलपं, रबर सगळं धरून ५५ ते ६० किलोंत कॅनॉपी उभी राहते. फायबरचीही चांगली होते, पण साचा तुमच्या गाडीचा असेल तरच.

आता झोपायचं. दीड मीटरमध्ये सहा फुटी माणूस मावत नाही. मागचा फाळका उघडला की साधारण अर्धा मीटर मिळतो, एकूण दोन मीटर. रात्री फाळका पाडायचा, मागून कॅनव्हासची खोळ खेचायची, सकाळी गुंडाळायची. फाळका दोन पट्ट्यांवर लटकतो, त्याच्यावर रात्रभर माणसांचं वजन सोडू नका. खाली दोन स्क्रूचे पाय लावायचे, जमिनीप्रमाणे वरखाली होणारे.

चाकांच्या कमानींमुळे खाली रुंदी मिळत नाही, म्हणून खाट कमानींच्या वर घ्यावी लागते. इथे सगळे प्लायचा फळा टाकतात. मी म्हणतो, नवार विणा. ॲल्युमिनियमची चौकट आणि तीवर नायलॉनची नवार, आपल्या घरच्या खाटेची होती तशीच. प्लायपेक्षा वजन खूपच कमी, आणि खालून वारा खेळतो. गादीखाली ओल साचणं हा कोकणपट्टीतल्या प्रत्येक कॅम्परचा रोग आहे. नवारीला तो लागत नाही. ढिली झाली की ताणून घ्यायची. खाली ट्रायपॉड आणि कागदांचे डबे.

एक बारीक पण महत्त्वाचं. डेकचं लोखंड आणि कॅनॉपीचं ॲल्युमिनियम थेट टेकू देऊ नका. खारघरच्या दमट हवेत दोन धातूंच्या सांध्यात पाणी राहिलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये रबराची पट्टी हवीच. आणि डेकला भोक पाडायचं नाही, क्लॅम्पवर धरायचं. भोक म्हणजे गंज.

ऐरोलीकर_तंबूवाला

टपावरच्या तंबूबद्दल मी सांगतो, माझ्याकडे आहे. उघडायला पाच मिनिटं लागत नाहीत, वर वारा छान लागतो, विंचू-किड्याची भीती नाही. माझा ६० किलोंच्या घरात आहे. तुमच्या कामाच्या दृष्टीने दोन गोष्टी आड येतील. रात्री पाऊस झाला आणि सकाळी घाईत ओलाच घडी केला, तर घरी येऊन तो उघडून वाळवावा लागतो. पोडियममध्ये ते जमत नाही, मी गावी जाऊन वाळवतो. दुसरं, कॅमेरे आणि कागद खाली उघड्या डेकवरच राहतात. शेवटी त्यासाठी कॅनॉपी लागतेच. मग दोन्ही मिळून काकांच्या १४० च्या काठावर जाल.

देवळाजवळ मुक्काम असेल तर गाडीच्या टपावर चढून झोपणं काही गावांत बरं दिसत नाही, हेही मनात ठेवा.

कलम_आणि_कागद (ठाणे पूर्व)

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चासीला वेल्ड केलेली, गाडीचा आकारच बदलणारी केबिन याच्या थेट कचाट्यात येते. क्लॅम्पवर बसणारी, दोघांनी उचलून काढता येणारी वस्तू त्यापेक्षा बरीच सुरक्षित. तरी खारघरची गाडी म्हणजे एमएच ४६, तर पनवेल आरटीओत फोटो आणि मापं जोडून लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही मेल करून उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर दावा नाकारायला कारण शोधलं जातं, ते आधीच संपवा.

फाळका उघडा ठेवून, सामान बाहेर काढून गाडी चालवू नका. भार मर्यादेबाहेर आला तर कलम १९४ खाली २०,००० रुपयांचा दंड आहे. जादा वजनालाही तोच, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. आणि चालत्या गाडीत मागे कोणी बसायचं नाही, गादी कितीही मऊ असो.

वीरगळवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा हिशेब नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, केबिनचा विषय बंद झाला. नवारीची कल्पना तर फारच आवडली, सासऱ्यांना अजून विणता येते.

दोन शंका. मे महिन्यात आत भट्टी होईल का? आणि पंख्यासाठी केवढी बॅटरी? दुकानदाराने घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचवाली (अँपिअर-तास) दाखवली.

पत्रा_आणि_सेक्शन

ती बॅटरी घेऊ नका. शिसं आणि ॲसिड, वजन पन्नास किलोंच्या वर, तुमच्या १४० चा तिसरा हिस्सा तिनेच खाल्ला. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ५० एएच घ्या. सहा-सात किलोंची असते आणि ६४० वॉट-तास साठवते. १२ व्होल्टचा पंखा २० वॉटचा धरला, रात्री नऊ तास चालवला, तर १८०. दिवा, मोबाईल, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यांना ६०-७० पुरतात. दोन रात्री निघतात, तिसऱ्या दिवशी गाडी चालली की भरली. मात्र अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) थेट तार ओढू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे बॅटरीला मानवेल तशीच वीज देणारा डबा, लागतोच, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्रिज नको म्हणालात, म्हणून एवढ्यात भागतं. फ्रिज आला की सोलर आलं, मोठी बॅटरी आली, आणि १४० गेले.

उन्हाचं म्हणाल तर टप पांढराच ठेवा, आतून दहा मिलिमीटर फोम चिकटवा. खरा उपाय वाऱ्याचा आहे. दोन्ही बाजूंना लांबीभर झडपा, वरून बिजागरी, उघडल्या की छपरीसारख्या बाहेर येतील. म्हणजे पावसातही उघड्या ठेवता येतात. आत बारीक जाळी. मागच्या खोळीलाही जाळीची खिडकी. वारा आरपार गेला पाहिजे. दोन माणसांच्या श्वासाने बंद डब्यात सकाळी छतावरून थेंब गळतात, ते तुमच्या कागदांवरच पडतील. जुन्नरला डिसेंबरात थंडी वाजली तरी वरची फट बंद करू नका, जाड पांघरूण घ्या.

रबाळ्याची_सुनीता

एवढंच जोडते. थंडी किंवा पाऊस असला तरी आत स्टोव्ह, शेगडी, कोळसा काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. मी रुग्णालयात काम करते म्हणून पोटतिडकीने सांगतेय. चहा बाहेर, गाडीपासून चार पावलं लांब. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो तरीही लावा, कारण शेजारी दुसऱ्या गाडीचं इंजिन चालू असू शकतं.

वीरगळवाटा

सुनीताताई, नक्की. अलार्म यादीत घातला.

काका, रविवारी गाडी वागळेला आणू का? पनवेल आरटीओचं पत्र टाकलंय, उत्तर आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असं ठरवलंय, पण मापं घेता येतील.

पत्रा_आणि_सेक्शन

आणा. रविवारी दुपारपर्यंत मी असतो. येण्याआधी टाकी पूर्ण भरून, नेहमीचं सगळं सामान टाकून, तुम्ही दोघं आत बसून एखाद्या वजनकाट्यावर गाडी घाला आणि पावती घेऊन या. तळोज्याच्या वाटेवर ट्रकवाल्यांचे काटे आहेत. पुढचा आस आणि मागचा आस वेगवेगळाही करून मागा, आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. आरसीवरचा आकडा कागदावरचा आहे. तुमची गाडी खरंच किती भरते ते पावतीवर कळेल, आणि मी सेक्शन त्यावरूनच कापीन. सासऱ्यांना विचारून ठेवा, नवार किती इंची लागेल.