जरीपटक्यातल्या सिंधी महिलांचे घरगुती उद्योग: विद्यार्थ्यांनी शिकवायला कुठून सुरुवात करावी?

तृतीयवर्ष_वाणिज्य (प्रश्न)

नागपुरातल्या वाणिज्य महाविद्यालयातले आम्ही दहा विद्यार्थी जानेवारी ते एप्रिल, दर शनिवारी तीन तास, जरीपटक्यातल्या सहा महिलांबरोबर काम करणार आहोत. सगळ्या पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्या आहेत. चौघी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आहेत, दोघींना नागरिकत्व मिळालंय. तिघी पापड आणि खीचा (तांदळाच्या पिठाचे पापड) करतात, दोघी पकवान (मैद्याची कडक तळलेली पुरी), कोकी (जाड खमंग पोळी), लोला (जाड गोड पोळी) असं खाण्याचं, आणि एक रल्ली (कापडाचे तुकडे जोडून केलेली सिंधी गोधडी) शिवते. विक्री सध्या शेजारीपाजारीच.

आमचा विचार असा: पहिल्या महिन्यात व्यवसाय आराखडा, दुसऱ्यात ब्रँड, लोगो आणि इन्स्टाग्राम, मग मुद्रा कर्जाचा अर्ज. पैसे सुरुवातीला आमच्यापैकी एकाच्या यूपीआयवर घेऊन रोख देता येतील. हे बरोबर आहे का? किंमत कशी ठरवायची, कागदपत्रं कोणती, आणि आमची परीक्षा लागल्यावर सगळं बंद पडू नये म्हणून काय करायचं?

हिशोबवही

आराखडा आणि लोगो बाजूला ठेवा. पहिले तीन शनिवार फक्त दोन गोष्टी करा: वजनकाटा आणि घड्याळ. प्रत्येकीने एक किलोचा घाणा नेहमीसारखा करायचा. तुम्ही शेजारी बसून काय किती लागलं आणि कोणत्या कामाला किती मिनिटं गेली ते लिहायचं. मध्ये बोलायचं नाही, सुधारणा सुचवायच्या नाहीत.

हे का, ते पापडाच्या हिशोबात दिसेल. भाव तुमच्या बाजारातले टाका, मी नमुन्याचे धरतो. उडदाचं पीठ एक किलो १४० रुपये, जाडसर मिरी ४० ग्रॅम ३२, हिंग-मीठ-पापडखार मिळून १५, लाटायला तेल १०. झाले १९७. वाळल्यावर साधारण १ किलो १०० ग्रॅम माल निघतो. २०० ग्रॅमची पाच पाकिटं, उरलेला चुरा-तुकडे. पाकीट आणि लेबल पाच रुपये धरले तर आणखी २५. एकूण २२२, म्हणजे पाकिटाला सुमारे ४४.

इथे विद्यार्थी म्हणतात, ७० ला विकू, २६ रुपये नफा. पण पीठ मळून कुटायला अर्धा तास, ८० पापड लाटायला दोन तास, वाळत घालणं, उलटणं, निवडणं, भरणं यात एक तास. साडेतीन तास झाले. पाच पाकिटांमागे उरलेले १२८ रुपये भागिले साडेतीन: तासाला साडेछत्तीस रुपये. नफा म्हणून जो आकडा दिसत होता तीच तिची मजुरी, आणि तीही अगदी तुटपुंजी. तासाला ६० धरले तर पाकिटाची खरी किंमत ८६ होते, दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के सोडायचे तर १०८. मोठ्या ब्रँडचं पाकीट त्याहून स्वस्त मिळतं. म्हणून हा पापड किराणा दुकानात ठेवण्याचा माल नाही. तो ओळखीच्या गिऱ्हाइकाला, जास्त मिरीचा सिंधी पापड म्हणून, थेट विकायचा.

आता पकवान. मैदा एक किलो ४५, मोहनाचं तेल १३० ग्रॅम २०, तळताना मुरणारं तेल साधारण २५० ग्रॅम ३८, जिरं-मिरी-मीठ १०, गॅस २५. एकूण १३८. ३० ग्रॅमच्या गोळ्याचे ५० होतात, पाचेक मोडतात, दहाच्या पाकिटाची साडेचार पाकिटं धरा. पॅकिंग २७, म्हणजे १६५. शंभर रुपयांनी विकलं तर ४५० येतात, उरतात २८५. वेळ अडीच तास. तासाला ११४.

हे दोन आकडे तिच्यासमोर शेजारी शेजारी मांडा आणि थांबा. पापड सोडून पकवान कर असं सांगू नका. पापड लाटताना ती घरातलं बाळ सांभाळू शकते, उकळत्या कढईपाशी ते जमत नाही. निवड तिची.

यूपीआयबद्दल मात्र मी स्पष्ट विरोध करतो. क्यूआर पहिल्या दिवसापासून तिच्या खात्याचा हवा. खातं नसेल तर तोवर रोख. तुमच्या खात्यात पैसे आले की गिऱ्हाईक तुमचं होतं, हिशोब तुमच्याकडे राहतो, आणि पन्नास रुपयांचा घोळ झाला तरी ती संकोचाने विचारत नाही. एप्रिलनंतर तो क्यूआर छापलेली पाकिटं फिरतच राहतात.

कागदोपत्री

आधी एक शब्द. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. या चौघी कागदावर 'दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या परदेशी नागरिक' आहेत. कोणत्याही अर्जात तेच लिहा. 'निर्वासित' लिहिलं की काउंटरवरचा माणूस गोंधळतो.

पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन व्हिसाधारकांना केंद्राने २०१६ मध्ये बऱ्याच सवलती दिल्या: स्वयंरोजगार, पॅन, आधार, वाहन परवाना, बँक खातं. म्हणजे घरून व्यवसाय करायला त्यांना मनाई नाही. बँकेत मात्र साधं बचत खातं मागू नका, 'एनआरओ' म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पाकिस्तानी अल्पसंख्याक व्हिसाधारकाला असं एकच खातं उघडता येतं, नागरिकत्व मिळाल्यावर ते निवासी खात्यात बदलतं. परकीय चलनाचे व्यवहार करणारी मोठी शाखा गाठा, कोपऱ्यावरच्या लहान शाखेत बहुतेक वेळा नियमच माहीत नसतो. पासपोर्ट, व्हिसाची मुदत दाखवणारा कागद, पॅन आणि पत्त्याचा पुरावा यांच्या दोन-दोन प्रती न्या. त्या खात्यावर यूपीआय चालेल का, हे खातं उघडायच्या आधी विचारा.

खाण्याचा पदार्थ पाकिटात विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. घरगुती उत्पादकासाठी साधी नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये, अर्ज ऑनलाइन. मधला माणूस यासाठी दोन-तीन हजार मागतो, तो अर्ज वाणिज्यच्या विद्यार्थ्याला अर्ध्या तासात जमतो. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. जोडीला हवं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, कधी केला आणि कधीपर्यंत खावा, बॅच, एमआरपी, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. पापडावर जीएसटी नाही, आणि तुमच्या उलाढालीत जीएसटी नोंदणीचा प्रश्नही येत नाही.

मुद्रा कर्ज भारतीय नागरिकांसाठी आहे. चौघींसमोर तो विषय काढू नका, खोटी आशा लागते. नागरिकत्व मिळालेल्या दोघींसाठीही सहा महिन्यांची वही हातात असल्याशिवाय कर्जाची घाई नको. हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो, आणि पावसाळ्यात पापड वाळत नाहीत.

प्रदर्शनासाठी नागपूरबाहेर न्यायचं असेल तर व्हिसाच्या कागदावरची राहण्या-फिरण्याची अट आधी वाचा, शंका असेल तर परदेशी नागरिक नोंदणीच्या कार्यालयात विचारा. ही जबाबदारी तुमची समजा. नियम मोडला तर भोगावं तिला लागतं.

फोटोंचं तर फार जपा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहिले, पण त्या काळातली टीव्हीवरची चर्चा या घरांनीही ऐकलीय. कित्येकींचे आईवडील, भाऊ अजून सिंधमध्ये आहेत. इन्स्टाग्रामवर हातांचा फोटो टाका, पापडाचा टाका. चेहरा, पूर्ण नाव, मूळ गाव टाकू नका, ती 'चालेल' म्हणाली तरी. तुम्हाला नाही म्हणणं तिला जड जातं.

ताटवाटी

मालाबद्दल थोडं, कारण तक्रारी तिथूनच येतात.

नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पापड थेट ठेवला की कडा आधी वाळतात, मध्य ओला राहतो, पापड वळतो आणि भरताना मोडतो. सावलीत किंवा पातळ सुती कापडाखाली वाळवा, एकदा उलटा, आणि पूर्ण कडक व्हायच्या आत उचलून वजनाखाली रचून ठेवा. मग थोडं ऊन दाखवून डब्यात. उलटपक्षी वरून कोरडा वाटला म्हणून लगेच पाकीट बंद केलं तर आठ-पंधरा दिवसांत बुरशीचा ठिपका येतो. पापड मोडून बघा, मध्ये लवचीक लागला तर परत पसरा. खार एक किलोला १५ ते २० ग्रॅम. जास्त पडला तर भाजल्यावर लालसर होतो आणि जिभेला साबणासारखा लागतो. तिचं प्रमाण अंदाजाचं असतं आणि ते बहुतेक बरोबरच असतं. तुम्ही फक्त तो अंदाज काट्यावर मोजून लिहून ठेवा, म्हणजे पाच किलोचा घाणा करताना चूक होणार नाही.

पकवान नरम पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी आच असते. मोठ्या आचेवर रंग लवकर येतो, आतली ओल जात नाही. काट्याने टोचून, मंद आचेवर, बुडबुडे जवळपास थांबेपर्यंत तळायचं. जाळीवर पूर्ण गार व्हायला दोन तास द्या, गरम भरलं की पाकिटात वाफ धरते. पारदर्शक पिशवी उन्हात राहिली की तेलाला खवट वास येतो, म्हणून तारीख १५ दिवसांचीच टाका.

कांदा घातलेली कोकी त्याच दिवशीची. ती पाकिटात विकू नका, ऑर्डरवरच.

तृतीयवर्ष_वाणिज्य

खूप उपयोगी. इन्स्टाग्राम मागे टाकतो, यूपीआयचं तर लगेच बदलतो. दोन अडचणी राहिल्या. वही मराठीत ठेवली तर त्यांना वाचता येत नाही, हिंदी सगळ्या बोलतात पण वाचतात दोघीच. आणि रल्लीची किंमत कशी काढायची? मोठ्या रल्लीला महिना गेला असं त्या सांगतात.

हिशोबवही

वही तिच्या लिपीतच ठेवा. सिंधमध्ये शाळेत गेलेली बाई अरबी वळणाची सिंधी लिहिते, उजवीकडून डावीकडे. म्हणून रकानेही उजवीकडून आखा: तारीख, काय केलं, खर्च, तास, आले, उधार. आकडे मात्र त्या लिपीतही डावीकडूनच लिहितात, आणि तिथेच तुमची गफलत होईल. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पाच हा बंद गोलासारखा. तुम्ही घाईत पाचाला शून्य वाचाल आणि ठिपका डाग समजून सोडून द्याल. ५० चं काय होतं बघा. पहिल्याच दिवशी तिच्याकडून शून्य ते नऊ एका पुठ्ठ्यावर लिहून घ्या, खाली आपले आकडे लिहा, पुठ्ठा भिंतीला लावा. शिकायचं तुम्ही. जी अजिबात लिहीत नाही तिच्यासाठी पाकिटामागे एक रेघ, तासामागे एक टिंब.

पैशांसाठी स्टीलचे दोन डबे. दर विक्रीनंतर मालाचा खर्च आधी धंद्याच्या डब्यात, उरलेले घरच्या डब्यात. शंभराचं पकवानाचं पाकीट विकलं की ३७ परत धंद्याच्या डब्यात, लगेच. घरगुती धंदा बंद पडतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी: पैसे भाजीला जातात आणि पुढच्या घाण्याला मैदा नसतो. उधारी शेजारात टाळता येत नाही, पण मागचं येईपर्यंत तिसरी ऑर्डर नाही, हा नियम सहा जणींनी मिळून ठरवला तर कुणा एकीला वाईटपणा येत नाही.

टाका_दोरा

रल्लीचं उत्तर: मोठी रल्ली फक्त आगाऊ अर्धे पैसे घेऊन, ऑर्डरवर. विक्रीसाठी लहान वस्तू सुरू करा. १६ इंची उशीचा अभ्रा नमुन्याप्रमाणे ८ ते १५ तास घेतो. १० तास धरले आणि तासाला ६० लावले तर ६०० मजुरी, वर कापड, अस्तर, चेन. ७५० च्या खाली दिला तर ती तोट्यात आहे. कॉलेजच्या स्टॉलवर 'तीनशेला दे, खपेल' असं कोणी म्हणेल, तेव्हा वही उघडून दाखवा.

सगळ्यात मोठी तक्रार रंग जाण्याची येते. लाल आणि काळं सुती कापड कापण्याआधी पाण्यात रात्रभर भिजवून धुवा, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावायचं नाही. जुनं कापड वापरायची रीत छान आहे, पण विरलेलं नको, धावदोऱ्याच्या ओळीतच फाटतं.

कागदोपत्री

@हिशोबवही यांच्या सगळ्याला दुजोरा, फक्त उधारीत एक फरक: सणाची ऑर्डर उधारीवर घ्यायचीच नाही.

परीक्षेचं राहिलं. मार्चच्या पहिल्या शनिवारपासून फोन तुम्ही हातात घ्यायचा नाही. ऑर्डर घेणं, मैदा आणणं, लेबलला तारीख घालणं, भाव सांगणं, सगळं त्या करतील, तुम्ही शेजारी बसा. चुका तुम्ही असताना होऊ द्या. गिऱ्हाइकांची यादी तिच्या फोनमध्ये हवी, तुमच्या शीटमध्ये नाही. चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्ष, मार्च-एप्रिलमध्ये येतो, ती ऑर्डर पूर्ण त्यांच्याकडे सोडा. पुढची मोठी संधी थदडीचा सण, राखीनंतर आठवड्याभरात. त्या दिवशी सिंधी घरांत चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे लोले आणि कोकी खातात, आणि हल्ली खूप घरं ते विकत घेतात. जरीपटका आणि खामल्यातल्या गिऱ्हाइकांना निरोप राखीच्या आधी जायला हवा, ऑर्डर सणाच्या तीन दिवस आधी बंद. एकीच्या गॅसवर आदल्या दिवशी किती लोले होतात तेवढंच घ्यायचं. तो आकडा फेब्रुवारीतच घड्याळ लावून काढून ठेवा.

ताटवाटी

आणि लोल्यासाठी दोन जड तवे आधी मिळवा. पातळ तव्यावर बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो.

तृतीयवर्ष_वाणिज्य

या शनिवारी काटा, घड्याळ आणि पुठ्ठा घेऊन जातोय. मोठ्या बायकांना काय म्हणायचं? ताई म्हटलेलं चालेल?

ताटवाटी

चालेल. 'अदी' म्हणा, सिंधीत बहिणीला तेच म्हणतात.