नियुक्ती आदेश हाती आल्यावर : शिक्षणसेवकाच्या अटी आणि शिक्षकाची कर्तव्ये

ब-४०२
सर्वांना नमस्कार. आमच्या थोरल्या मुलीची शासनाच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून निवड झाली असून काल तिला नियुक्ती आदेश मिळाला. आनंद आहेच, पण आदेशातल्या अटी वाचल्यापासून आम्ही दोघेही काहीसे विचारात पडलो आहोत. तीन वर्षे दरमहा १६,००० रुपये मानधन, काम समाधानकारक न आढळल्यास सेवासमाप्ती, मुख्यालयी म्हणजे शाळेच्या गावी राहण्याचे बंधन, जात वैधता प्रमाणपत्राची मुदत, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र अशा अटी एकाखाली एक दिलेल्या आहेत. ती सध्या जेथे काम करते तेथे तिला याहून बरे पैसे मिळतात, त्यामुळे ही नोकरी कायमची की कंत्राटी, असे जो तो विचारतो आणि आमच्यापाशी नेमके उत्तर नसते. आपल्या सोसायटीत शिक्षण क्षेत्रात हयात घालवलेली मंडळी आहेत, म्हणून येथे विचारत आहे.

क-२०१
मुलीचे मनापासून अभिनंदन. माझ्याही मनात हीच शंका होती. वर्तमानपत्रात ‘कंत्राटी शिक्षक’ असा शब्द वरचेवर वाचायला मिळतो. शिक्षणसेवक म्हणजे तेच का, हे सरांनी सांगावे.

अ-१०१ (निवृत्त मुख्याध्यापक)
वहिनी, मुलीला आशीर्वाद सांगा. अभियोग्यता चाचणी देऊन गुणवत्तेवर मिळालेली ही नेमणूक आहे आणि तिचे मोल घरात सर्वांनी जाणावे, असे मला वाटते.

शिक्षणसेवक आणि कंत्राटी शिक्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत केली तर पुढचा सगळा विचार चुकतो. आपल्या राज्यात २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. मंजूर आणि रिक्त पदावर निवड झालेल्या उमेदवाराला आधी तीन वर्षे ठरावीक मानधनावर नेमायचे आणि ती सेवा समाधानकारक ठरल्यावर त्याच पदावर नियमित वेतनश्रेणी द्यायची, अशी तिची रचना आहे. प्राथमिक शिक्षकाची ती श्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वेगळे मिळतात. याउलट जुलै २०२३ मध्ये शासनाने रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना वयाच्या सत्तरीपर्यंत दरमहा २०,००० रुपयांवर तात्पुरते नेमण्याचा निर्णय घेतला, ती खरी कंत्राटी नेमणूक. आजचा आकडा त्यात मोठा दिसतो, पण त्या करारातून पुढे कायम होण्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. वहिनी, नातेवाइकांना एवढेच सांगा की मुलीची नेमणूक पहिल्या प्रकारची आहे.

मानधन तुटपुंजे आहे, हे मात्र मी नाकारणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी कित्येक वर्षे हेच आकडे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. माझ्या हाताखाली सहा हजारांवर काम केलेली मुले-मुली मी पाहिली आहेत. खोलीचे भाडे आणि एसटीचा पास यांतच महिना संपायचा, आणि तरीही फळ्यावर सुंदर अक्षरात सुविचार लिहून परिपाठ घेणारी तीच असायची. शासनाने त्यांना इतकी वर्षे त्या रकमेत ठेवले, हे मला आजही योग्य वाटत नाही.

आता अटींविषयी. मुलगी शाळेत हजर होईल त्या दिवशी मुख्याध्यापक तिच्याकडून रुजू अहवाल लिहून घेतील आणि त्यात ‘मध्यान्हपूर्व रुजू’ की ‘मध्यान्होत्तर रुजू’ असा शब्द येईल. हा शब्द आणि ती तारीख तिने स्वतः तपासावी, कारण तीन वर्षे तेथून मोजली जातात. दर वर्षीच्या कामाचा अहवाल लिहिला गेला की नाही, हेही तिनेच विचारत राहावे. एका शिक्षणसेवकाची तीन वर्षे पूर्ण झाली असूनही दुसऱ्या वर्षाचा अहवाल नस्तीत सापडत नव्हता, एवढ्या कारणाने त्याचा नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव आठ महिने पडून राहिलेला मी पाहिला आहे. त्याच्या कामात खोट नव्हती, पण कागद नसल्यामुळे घर चालवणाऱ्या माणसाचे आठ महिने गेले.

निवृत्तिवेतनाबाबत घरात चुकीची आशा नको. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक ती परत मिळावी या मागणीसाठी संपावर गेले होते, हे सर्वांना आठवत असेल.

ड-३०३
सरांचे विवेचन उपयुक्त आहे. एक पालक म्हणून दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. त्याच्या वर्गशिक्षिका मतदार यादीच्या कामाला गेल्या म्हणून गेल्या वर्षी कित्येक दिवस दोन वर्ग एकत्र बसवले होते. नेमणुकीच्या अटी, वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन यांवर आपण बोलतो, ते बरोबरच आहे. परंतु त्या पगाराच्या बदल्यात मुलांना काय मिळायला हवे, हे कोठे लिहिलेले आहे का? आणि लिहिलेले असेल तर शिक्षकांना वर्गाबाहेर काढणाऱ्यांना कोणी जाब विचारते का?

ब-१०४ (सेवारत शिक्षिका)
दादा, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो विचारल्याबद्दल मला जराही वाईट वाटलेले नाही. मी बावीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते आहे. माझी कर्तव्ये माझ्या नियुक्ती आदेशात जेमतेम एका ओळीत होती. ती नीट लिहिली गेली ती २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्यात. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाने नियमित आणि वेळेवर शाळेत यायचे, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करायचा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल त्याला जादा शिकवायचे, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती त्यांना सांगायची. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस, तसेच पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तास, असे त्याच कायद्याच्या अनुसूचीत दिलेले आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कलम १७ ने बंदी आहे.

यातले सर्वांत अवघड कलम ‘प्रत्येक मुलाची’ हे आहे. माझ्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगा हातच्याची वजाबाकी करताना नेहमी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. ५२ मधून २७ घालवायचे असले तर एककात सातातून दोन काढून पाच लिहायचा आणि उत्तर ३५ आणायचा. वही तपासताना चूक म्हणून फुली मारणे एका क्षणाचे काम आहे, पण तो असे का करतो हे कळायला त्याच्याशेजारी बसून काड्यांचे गठ्ठे सोडावे लागतात. दहा काड्यांचा एक गठ्ठा त्याने स्वतः सोडला, सुट्या बारा मोजल्या आणि मग त्यातून सात बाजूला काढल्या, तेव्हा त्याला ते उमगले. त्याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी यादीच्या कामाला गेले असते तर तो मुलगा तसाच पाचवीत गेला असता. म्हणून अशैक्षणिक कामाचा प्रश्न मला माझ्या सोयीचा वाटत नाही. तो त्या मुलाचा प्रश्न आहे.

त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकांशी संबंधित कामे सोडून शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. निवडणुकीच्या कामाविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये असे म्हटले आहे की ते सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, शिकवण्याच्या दिवशी सहसा देऊ नये. प्रत्यक्षात आदेश येतो तेव्हा तारीख आम्ही ठरवत नसतो आणि तो नाकारताही येत नाही. २०२७ ची जनगणना समोर आहे; ते राष्ट्रीय काम आम्ही करूच, पण त्या काळात वर्ग कोण सांभाळणार, हे पालकांनीही आधीच विचारून ठेवावे.

ड-३०३
मॅडम, आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. ही कलमे मला ठाऊक नव्हती. पालकांनी नेमके विचारायचे कोठे?

अ-१०१ (निवृत्त मुख्याध्यापक)
शाळा व्यवस्थापन समितीत. कलम २१ नुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. वर्गशिक्षिका किती दिवस अन्य कामावर होत्या आणि त्या दिवशी वर्ग कोणी घेतला, याची नोंद समितीच्या सभेत मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी तक्रार मुख्याध्यापकांच्या खोलीतच विरते. इतिवृत्तातली ओळ गटशिक्षणाधिकारी किंवा प्रशासन अधिकारी यांच्यापर्यंत जाते, हा माझा अनुभव आहे.

ब-४०२ वहिनींना यातलेच एक सांगायचे राहिले. कर्तव्यात कसूर केल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल, असे कलम २४ सांगते, पण त्याच वाक्यात कारवाईपूर्वी शिक्षकाला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असेही लिहिले आहे. ‘समाधानकारक न आढळल्यास’ या शब्दांचे मुलीने दडपण घेऊ नये. लेखी विचारणा आली तर मुदतीत लेखी खुलासा द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

क-२०१
ब-१०४ मॅडम, एक विनंती बरेच दिवस मनात होती. आमच्या धाकटीला संध्याकाळी तासभर शिकवाल का? शुल्काचे आपण म्हणाल तसे.

ब-१०४ (सेवारत शिक्षिका)
ताई, मला शिकवायला आवडले असते, पण कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई आहे आणि ती मला पटते. शाळेत कमी शिकवून घरी पैसे घेऊन पूर्ण करायचे, ही वाटच त्यामुळे बंद होते. आपल्या मुलीला काही अडले तर तिच्या वर्गशिक्षिकेला अवश्य विचारा; जादा शिकवणे हे त्यांच्या कर्तव्यातच येते, ते उपकार म्हणून मागू नका.

ब-४०२ वहिनी, आपल्या मुलीने शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण केली असेलच, त्याशिवाय तिची निवड झाली नसती. तिचे ते प्रमाणपत्र जपून ठेवा. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. बावीस वर्षे शिकवल्यानंतर पुन्हा परीक्षेला बसणे मनाला लागते, हे मी लपवत नाही. पण अभ्यास सुरू केला आहे आणि बालमानसशास्त्राचे पुस्तक पुन्हा हातात आले, याचे समाधानही आहे.

ब-४०२
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, ते आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचले. तिने रुजू व्हायचे ठरवले आहे. मुख्यालयाच्या गावी एका निवृत्त अंगणवाडी सेविकेच्या घरी खोली मिळते आहे, भाडे मानधनात बसते. सर, सोमवारी जाताना सोबत काय न्यावे, एवढे शेवटचे सांगा.

अ-१०१ (निवृत्त मुख्याध्यापक)
मूळ आदेश, वैद्यकीय प्रमाणपत्र, शैक्षणिक व पात्रता परीक्षेची मूळ प्रमाणपत्रे आणि प्रत्येकाच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच. जात वैधता प्रमाणपत्र अद्याप आलेले नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती. रुजू अहवाल दोन प्रतींत लिहावा आणि एका प्रतीवर मुख्याध्यापकांची सही, शिक्का व तारीख घेऊन ती स्वतःकडे ठेवावी. शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी पोहोचली तर ‘मध्यान्हपूर्व’ लिहिले जाईल आणि पहिल्याच दिवशी तिला परिपाठालाही मुलांसमोर उभे राहता येईल.