रोहित (फ्लेमिंगो) पाहायला खाडीवर गेला होतात? अनुभव लिहा

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. हिवाळा लागला की विचारणा सुरू होते: कुठून जायचं, किती वाजता, मुलांना झेपेल का? जाऊन आलेल्यांनी आणि खाडीकाठीच वाढलेल्यांनी जे पाहिलं ते सविस्तर लिहा.

ऐरोलीहून
आम्ही इथल्या जैवविविधता केंद्रातून होडीने गेलो. होडीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, तेव्हा आधी चौकशी कराच. सोबतच्या मार्गदर्शकाने मुलांना तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचं, पान चाटायला लावलं. खारट! मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. माझ्या मुलीला रोहितांपेक्षा चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (छोटे मासे) जास्त आवडल्या.

खाडीकाठचा कोळी, सध्या पुण्यात
वेळेचं कोडं आमच्याकडे पंचांगावर सुटतं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत जावं तसं पाणी थोडं उशिरा चढतं, एवढं धरून चालायचं. आजोबा जाळं घेऊन निघायचे ते याच हिशोबावर.

आजोबांच्या तरुणपणी हे पक्षी इथे नव्हते. नव्वदच्या दशकात थवे यायला लागले आणि वाढतच गेले. याच काळात खाडीतली मासळी मात्र घटली. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि ते शेवाळ रोहितांचं अन्न. पाहुण्यांना गुलाबी थवा दिसतो तेव्हा मला आनंदच होतो, पण चिंबोऱ्या आणि कालवं काढून घर चालवलेल्या बायकांची आठवण त्याच वेळी येते. अभयारण्याच्या गोष्टीत त्याही असायला हव्यात.

ठाण्याहून, पक्षीनिरीक्षक
दोन जाती ओळखायला सोप्या आहेत. मोठा रोहित उंच, पांढरट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित ठेंगणा, जास्त गुलाबी, चोच गडद लाल. दोघेही चोच उलटी करून पाणी गाळतात. छोट्याचा भर सूक्ष्म शेवाळावर, मोठा बारीक कोळंबी-किडेही खातो. करड्या रंगाचे दिसले तर ती पिल्लं. अंडी मात्र इथे घालत नाहीत, त्यासाठी कच्छच्या रणाकडे जातात. शेकाट्या, तुतारी, कैकर या इतर पक्ष्यांसाठीही दुर्बीण न्या. भांडुपच्या मिठागरांकडची बाजू सकाळी फार सुंदर असते.

नेरुळहून
एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्यावी. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो आणि पक्ष्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं. मग ते नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येतात, आणि या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात इथल्या तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं, तलाव सुकला. मेलेले रोहित आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने जवळपास चाळीस रोहित गेले. सकाळी फिरायला येणारे आम्ही बरेच जण तेव्हापासून तलावातल्या पाण्याची पातळी रोज बघतो. खाडी राखायची तर या विसाव्याच्या जागाही राखायला हव्यात, हे मी प्रत्येकाला सांगते.

डोंबिवलीहून
सासूबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना रोहित बघायचेच आहेत. होडीत चढणं जमेल का? रविवारी पंचमी आहे.

ऐरोलीहून
ताई, चढताना हात द्यायला माणसं असतात, पण गुडघ्यांचं आधीच सांगून ठेवा. होडी हलते, तेव्हा मधल्या बाकावर बसवा. ऊन लागतं, टोपी आणि पाणी न्या.

खाडीकाठचा कोळी, सध्या पुण्यात
पंचमी म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. होडी नाहीच जमली तर त्यांना नेरुळच्या तलावाकाठी न्या. भरतीच्या वेळी पक्षी तिकडेच येतात आणि काठावर बसून दिसतात.