शाळेच्या परिपाठात गीता, सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री

ए-२०४: पोराच्या शाळेची नोटीस टाकलीये वर. सोमवारपासून परिपाठात रोज गीतेचा बारावा अध्याय. चांगलंय की, वीसच श्लोक आहेत, उच्चार तरी सुधारतील, आमच्याला अजून स आणि श कळत नाही

सी-५०१: दादा पाठांतराला कोण नाही म्हणतंय, मनाचे श्लोक आम्ही पण घरी म्हटलेत. पण नोटिशीत "सर्वांना अनिवार्य" लिहिलंय ते खटकतं. घटनेचं कलम २८ बघा, पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचंच नाही आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येत नाही. आपल्याला विचारलं का कुणी?

बी-१०३: आणि कॉन्व्हेंटमधली प्रेयर?? तेव्हा बरी घटना आठवत नाही कुणाला

सी-५०१: काका तिथेही तेच कलम. आपणच ॲडमिशनच्या धाकाने गप्प बसतो

बी-१०३: गुजरातने २०२२ ला सहावी ते बारावी गीता आणली. आपल्याकडे २०२४ च्या शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यात नुसतं नाव आलं तर केवढा दंगा

डी-३०४: दंगा त्यातल्या मनुस्मृतीच्या श्लोकावरून जास्त झाला होता हो. मी इतिहास शिकवायचे म्हणून सांगते, आपल्याकडे अभंग पुस्तकात असतोच पण पोरं चालीत म्हणतात आणि मोकळी होतात, चोखोबांना देवळाच्या बाहेर का राहावं लागलं हे वर्गात कुणी काढत नाही, काढलं तर पालकच येतात भांडायला. एकदा मी रमजान ईद आणि बकरी ईद यातला फरक विचारला, अख्ख्या वर्गात एकीलाच आला, ती मुसलमान होती. धर्म शिकवायचा तर असा शिकवा, सगळ्यांचा, आणि पोरांना उलट प्रश्न विचारू द्या. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानेही धर्मांच्या अभ्यासाला आडकाठी नाही असंच म्हटलंय. रोज उभं करून म्हणवून घेणं म्हणजे अभ्यास नाही

ए-२०४: पटतंय मॅडम पण शिकवणार कोण, पीटीच्या सरांच्या गळ्यात मारतील

डी-३०४: मूल्यशिक्षणाचा तास आत्ताही त्यांच्याकडेच असतो 🙏

बी-१०३: माझा नातू म्हणणार, मी संमती देतो लेखी

सी-५०१: तेच तर म्हणतेय काका, शाळेने तीच मागावी. मुख्याध्यापकांना पत्र लिहितेय, ज्यांना सही करायचीये त्यांनी उद्या आठच्या आत या. आणि दादा नोटिशीचा फोटो परत टाका ना, खालची ओळ कापली गेलीये