धागा : दलम, पोलिस आणि मधले आपण

सूत्रधार
दहशतवादाचा इतिहास म्हटला की बोलणं मुंबईपासून सुरू होतं. १९९३ चे स्फोट, मग २००८ चा नोव्हेंबर. गडचिरोली आलीच तर एका परिच्छेदात, तीही मेलेल्यांच्या आकड्यापुरती. पीपल्स वॉर ग्रुप ही नक्षल्यांची संघटना आंध्रात एप्रिल १९८० मध्ये निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिरोंच्याकडे मोयाबिनपेठेला तिचा माणूस पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला. आमचा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे इथं कलेक्टर कचेरी बसायच्या आधी दलम, नक्षल्यांची हत्यारबंद तुकडी, येऊन बसलं होतं.

पेपरात आलेलं इथं पुन्हा नको. घरात, रानात, ड्युटीवर जे पाहिलं ते लिहा. गावाचं आणि माणसांचं नाव टाळा, नातेवाईक अजून तिथंच राहतात. कोण बरोबर कोण चूक यावर हाणामारी करायची असेल तर दुसरीकडे करा.

जुना मुन्शी, एटापल्लीकडचा
मी तेंदूपानाच्या फडीवर, म्हनजे पानं मोजून घ्याच्या जागी, ठेकेदाराचा मुन्शी होतो जी. सत्तर पानांचा एक पुडा, अन् शंभर पुड्यांवर भाव. बाई अंधारात जंगलात जाये, दुपारी घरी बसून पुडे बांधे, सांजेले फडीवर आणे. तिथं ठेकेदाराचा चेकर पुडा हातात घेऊन दाबून पाहे अन् दर खेपेले दोन-चार बाजूले फेके. "पानं फाटके हाय", "पुडा पातळ हाय". फेकलेले पुडे रातच्याले त्याच ठेकेदाराच्या बोऱ्यात जात. बोरे भरणारे आमीच होतो.

एक दिवस दादालोक, म्हनजे दलमवाले, फडीवर आले. चहा मांगितला, पुडे मोजले, भाव इचारला अन् म्हनाले, याच्या खाली कोनी पान तोडाचं नाई. दुसऱ्या हंगामाले भाव वाढला. जंगलखात्याचा गार्ड कोंबडी मांगत येत होता, तोही बंद झाला. आता लोक म्हनतात का गाववाले भेवून त्यायले जेवन देत होते. काही भ्याले असतील. पर जिच्या हातात शंभरामागं दोन पैसे जास्त पडले, तिनं भेवून नाई रांधलं.

पुढचं बी सांगतो, ते कोनी सांगत नाई. ठेकेदार हुशार निघाला. त्यानं दलमसंग बसून आपला हिशोब जमवून घेतला. भाव तिकडंच ठरे, आमाले झाडाले चिकटवलेलं पत्रक तेवढं दिसे. "वरचा पैसा कुठं जाते?" असं ज्यानं इचारलं, त्याचं नाव लवकरच खबऱ्यात पडलं.

सूत्रधार
मुन्शीकाका, हे लिहिलंत ते बरं केलं. नुसता पहिला भाग सांगणारे भाषणं देतात आणि नुसता दुसरा सांगणारेही भाषणंच देतात.

लेक, धानोरा तालुका
बाबा पोलिस पाटील होते. पाटलाचं काम काय, सरकारचा कागद गावात आणायचा आणि गावाची खबर ठाण्यात द्यायची. राजीनामा दे म्हणून दलमचे निरोप येत. बाबांनी तो दिलाही. वरच्या कचेरीत मंजुरीला पडून राहिला.

रात्री आले तेव्हा "मामा" म्हणूनच हाक मारली. रस्ता दाखवायला चला म्हणाले. बाबा चप्पल शोधत होते, तर त्यांच्यातली एक पोरगी गोंडीत म्हणाली, राहू द्या, लांब नाही जायचं. माझ्याच वयाची होती. सकाळी फाट्यावर सापडले. छातीवर दगड, दगडाखाली पत्रक, लाल शाईनं लिहिलेलं. बाबांच्या नावातली वेलांटी चुकलेली होती. इतकी वर्षं झाली, मला त्या मजकुरातलं दुसरं काही आठवत नाही.

मातीला घरचेच होते. शेजाऱ्यांना दोष देत नाही, मीही गेले नसते. पंधरवड्यानं पोलिसांनी भावाला बोलावून विचारलं, याच घरात दलम जेवून गेलं होतं ना? गेलं होतं. बंदूक घेऊन ओसरीवर बसलेल्याला भात नाही असं कोण म्हणतं? २००३ मध्ये गावबंदीची योजना आली. ग्रामसभेनं नक्षल्यांना गावात येऊ देणार नाही असा ठराव करायचा आणि विकासनिधी घ्यायचा. ठराव करणाऱ्याला रात्री राखायचं कोणी, ते त्यात नव्हतं.

निवृत्त गुरुजी, भामरागड
२००९ हे वर्ष आमच्यासाठी फार वाईट गेलं. १ फेब्रुवारीला मर्केगाव, १५ पोलिस गेले. मे महिन्यात हत्तीगोटा, १६ गेले, त्यांत पाच महिला शिपाई. ८ ऑक्टोबरला लाहेरी, १७. आणि विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला. माझी ड्युटी त्याच भागात लागलेली. बायको म्हणाली आजारी पडा. अर्धं शिक्षक मंडळ आधीच आजारी पडलेलं होतं, डॉक्टर सर्टिफिकेट द्यायला कंटाळला होता.

मशीन मांडीवर घेऊन हेलिकॉप्टरनं नेलं. आपल्याकडे मतदान तीन वाजताच संपतं, तेवढी एक सोय. दलमचं फर्मान होतं बहिष्काराचं. सकाळभर कोणी आलं नाही, मग एकेक बाया-माणसं यायला लागली आणि सगळ्यांची विनंती एकच, "गुरुजी, शाई नका लावू." मत द्यायला ना नव्हती, बोट दिसायला नको होतं. शाईशिवाय मत देता येत नाही हे मी त्यांना समजावत होतो, आणि आपण नेमकं काय समजावतो आहोत हेही मला कळत होतं. एका म्हाताऱ्यानं बोट पुढं केलं, शाई लावून घेतली आणि धोतरात घासत घासत बाहेर गेला. काही तशाच परत गेल्या. मुंबईत टक्का घसरला की मतदारांना आळशी म्हणतात. आमच्या त्या केंद्राचाही टक्का त्याच तक्त्यात छापून आला असेल.

चिमूरकर
विषय जरा मागे नेतो. आमचं गाव क्रांतीचं गाव. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी माणसं पेटलेली. मोर्चावर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला, आणि मग जमावानं एसडीओ डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह सरकारी माणसं मारली. त्याच दिवशी वर्ध्याकडे आष्टीलाही रक्त सांडलं. नंतर गोऱ्या शिपायांनी चिमूरच्या बायांवर जे केलं, त्याच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. माझी आजी क्रांतीबद्दल कधी बोलली नाही. ती सांगायची फक्त तणसाच्या ढिगामागं लपून काढलेल्या रात्रीचं. दर ऑगस्टला आम्ही हुतात्म्यांना हार घालतो. घालायलाच हवा. पण गावातल्या पोरांना विचारा, जमावानं कोणाला मारलं? नाव सांगणारा एखादाच निघेल.

गाडीवाला, कुरखेडा
चिमूरकर, इंग्रजाचं राज्य आणि आताचं एका तागडीत नका घालू. तेव्हा मताची पेटी सगळ्यांना कुठं होती?

माझं सांगतो. १ मे २०१९. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्या. दुपारी तिकडं निघालेलं शीघ्र कृती पथकाचं वाहन जांभुळखेड्याजवळ सुरुंगात उडालं. लोक अजून "पंधरा गेले" म्हणतात. पंधरा जवान होते. सोळावा गाडी चालवणारा, आमच्यातला, खासगी गाडीवाला.

गाडी मागितली तर नाही म्हणता येत नाही, आणि दिली तर तिकडं नोंद होते. बांबूच्या ट्रकांवर मी बरीच वर्षं होतो. ते आले की आरडाओरडा नसे. "उतर, मोबाईल ठेव, चावी दे." टाकीतलं डिझेल त्याच गाडीवर शिंपडत आणि काडी लावत. जळताना टायर फुटतात ना, तो आवाज गोळीबारासारखा येतो, तेव्हा सगळे आडवे होतात. विम्याला पंचनामा लागतो. सुरुंगाच्या भीतीनं पंचनाम्याला कोणी लवकर जात नाही. तोवर बँकेचा हप्ता थांबतो का?

सूत्रधार
एक भर घालतो. सी-सिक्स्टी हे पोलिसांचं नक्षलविरोधी पथक १९९० मध्ये उभं राहिलं ते मुद्दाम इथल्या पोरांचं, गोंडी-माडिया बोलणाऱ्यांचं. तेव्हापासून दोन्हीकडच्या याद्यांत आडनावं तीच दिसतात. आत्राम, मडावी, उसेंडी, पुंगाटी. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाला पोलिसांशी चकमकीत ४० च्या आसपास नक्षली मेले, त्यांतही नुकतीच भरती झालेली पोरं असल्याचं त्या भागातले आईबाप सांगत होते.

नाव नको
माझ्या काकाचं आणि एका दलमवाल्याचं नाव एकच. एवढ्यावर पोलिसांनी उचललं. तारखांना नेणं-आणणं, कोर्टात मराठी, काकाला फक्त माडिया. दुभाषा मिळेपर्यंत तारीख पुढं. निर्दोष सुटला तेव्हा घरची बैलजोडी वकिलात गेली होती. आता बाजारात कोणी मागून नावानं हाक मारली की वळून बघत नाही.

पोरगी, गट्ट्याच्या पुढची
मी नागपूरला शिकते. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाड्याकडे एसटी सुरू झाली, त्याच दिवशी नक्षल्यांची मोठी नेता तारक्कानं सरेंडर केलं. ऑक्टोबरात त्यांचा वरचा नेता भूपती यानं ६० जणांसोबत बंदुका टाकल्या. घरी सगळे टीव्हीसमोर होते. आजी बातमी ऐकत नव्हती, एकेक चेहरा बघत होती.

माझ्या मोठ्या मामाला शाळकरी असताना दलमनं नेलं. माझ्या जन्माच्या आधी. पुढं कोणी म्हणे छत्तीसगडला आहे, कोणी म्हणे चकमकीत गेला. मृतदेह नाही म्हणून तेरवी नाही. गावाबाहेर त्याच्या नावाचा दगडही उभा करू देत नाही आजी. सरेंडर झालेल्यांपैकी कोणाला तरी तो माहीत असेलच ना? हे विचारायचं कुठं?

निवृत्त गुरुजी, भामरागड
बाळ, गडचिरोलीला एसपी ऑफिसात सरेंडर झालेल्यांचं काम बघणारी माणसं आहेत. लेखी अर्ज घेऊन जा आणि पोच घे. शाळेचा दाखला असेल तर झेरॉक्स जोड, जुना फोटो असला तर उत्तम. घरी गोंडीत काय हाक मारायचे तेही लिही, कारण तिथं गेल्यावर नाव बदलतात, भूपतीचीच किती नावं होती बघ. अंगावर खूण, जुनी जखम, कोणत्या साली नेलं, सगळं लिही. आजीला सोबत ने. एकटी गेलीस तर उद्या या म्हणतील.