पट घटला की पैसाही आटतो

"पोरं तीस, मास्तर दोन, तरी चौथीतल्या मुलाला धड वाचता येत नाही, मग सरकारने पैसा का ओतायचा" असं कमी पटाच्या सरकारी शाळांबद्दल विचारलं जातं. वाचनाचं म्हणणं खरं आहे, मी नाकारणार नाही. पण पैसा ओतला जातो हे मात्र पटत नाही. समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेतून शाळेला किरकोळ खर्च आणि डागडुजीसाठी वर्षाला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं: ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर घालायचा.

मी आमच्या वाडीवरच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत होतो. ऊसतोडीला गेलेली दोन घरं परत आलीच नाहीत आणि पट ३३ वरून २८ झाला. पाच मुलं कमी झाली, पण वीजबिल तेच, संडासाची टाकी तीच, गळणारे पत्रेही तेच. त्या वर्षी पत्र्यांचा खर्च पालकांनी वर्गणी काढून केला. आणि दोन मास्तरांवर चार इयत्ता. एक जण निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. पहिलीच्या पोराला अक्षर गिरवायला बसवून चौथीचा भागाकार शिकवायचा, हे मी खिडकीतून पाहिलंय. वाचन कच्चं राहतं ते तिथे. त्या दोघांपैकी एक असलेल्या बाईंनी दुपारच्या सुट्टीत चौघांना वेगळं बसवून वाचायला घेतलं, तेव्हा दिवाळीपर्यंत तिघं वाचायला लागले होते.